'सोडा' म्हणण्याची सत्ता

दर 1 ऑगस्टला लोकमान्यांची पुण्यतिथी येते आणि आमच्या धाराशिवात कुणीतरी व्यासपीठावरून ज्यूरीला हार घालतो. वक्ता बहुधा निवृत्त प्राध्यापक किंवा चालू पुढारी. टिळकांवरचा 1908चा खटला, कोर्टापुढे केलेले 21 तासांहून अधिक लांबीचे भाषण, दोन पारशी ज्यूररांनी दिलेला 'निर्दोष'चा कौल, हे सगळे तो रंगवून सांगतो. मग गाडी वळते: आज खटले सडतात, एकटा न्यायाधीश माणसाचे आयुष्य ठरवतो, चार शहाण्या नागरिकांची ज्यूरी परत आणा. टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांनी ज्यूरी पाहिलेली असते ती 'रुस्तम' सिनेमात.

मी वकील नाही. वकिलांचा कारकून म्हणून माझी हयात या जिल्ह्याच्या कोर्टात गेली. वकीलपत्रावर तिकिटे चिकटवली, नकलांचे अर्ज भरले, पुकारा होईपर्यंत पक्षकाराला व्हरांड्यात धरून ठेवले. त्यामुळे कायद्याचे पुस्तक मी वकिलांसारखे वाचत नाही. पान कुणाच्या उपयोगाचे आणि ते कोण उघडत नाही, एवढेच बघतो. आणि त्या नजरेने सांगतो, ज्यूरीचे हे श्राद्ध आता पुरे झाले. आपल्याकडच्या ज्यूरीत लोक बसायचे, पण दिशा ठरायची ती न्यायासनावरून. त्या न्यायासनाला कायद्याने एक फार मोठी, फार चांगली सत्ता दिली होती. ती आजही आहे आणि धूळ खात पडली आहे.

ती सत्ता होती 1898च्या फौजदारी संहितेच्या कलम 289मध्ये. सरकार पक्षाचे साक्षीदार संपले, आरोपीचा जबाब झाला, आणि आरोपीने गुन्हा केल्याचा पुरावाच नाही असे न्यायालयाला वाटले, तर न्यायाधीश ज्यूरीला थेट सांगू शकत असे: 'निर्दोष' असा कौल द्या. ज्यूरीने बाजूच्या खोलीत जाऊन खल करायचा प्रश्नच नव्हता. आता उलट बाजू बघा. पुरावा कितीही भक्कम असो, 'दोषी' असा कौल द्या, असे ज्यूरीला फर्मावण्याची सत्ता संहितेच्या एकाही कलमाने न्यायाधीशाला दिलेली नव्हती. सोडा म्हणायची मुभा, धरा म्हणायची नाही. कायदा लिहिणारा इंग्रज होता, पण एवढी अक्कल त्याने नक्की दाखवली होती.

मग झाले काय? ज्या दाराला कडी होती ते सोडून मागच्या दाराने सगळा कारभार चालला. कलम 298ने न्यायाधीशाला अशी सवलत दिली होती की ज्यूरीला खटला समजावून सांगताना घटनांबद्दलचे स्वतःचे मतही त्याने बोलून दाखवावे. वर काळा झगा, खाली खुर्चीत बसलेले व्यापारी नि कंपन्यांचे मॅनेजर. साहेबांचे मत ऐकल्यावर त्यांचे मत कुठे जायचे ते वेगळे सांगायला नको.

या संहितेच्या आधीचा, पण याच रीतीने चाललेला 1897चा खटला घ्या. 'केसरी'त 15 जूनच्या अंकात शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली कविता आली, खाली सही भवानी तलवारीच्या नावाची. म्हणजे आमच्या तुळजापूरच्या आईचे नाव त्या खटल्याच्या मुळाशीच आहे, हे त्या पुण्यतिथीच्या वक्त्यांना सुचतही नाही. 22 जूनला पुण्यात इंग्रज अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली आणि पुढे टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रेची बसले होते. ज्यूरीला समजावताना त्यांनी सांगितले की सरकारविषयी प्रीतीचा अभाव असला तरी पुरे. तो अभाव किती तीव्र आहे याला महत्त्व नाही, आणि त्यातून दंगा झाला की नाही याचाही संबंध नाही. आता या मापाने मोजले तर राजद्रोही नसलेला मराठी माणूस तेव्हा औषधालाही सापडला नसता. कायद्याचा अर्थ सांगणे हे न्यायाधीशाचे काम, घटना ठरवणे हे ज्यूरीचे, अशी पुस्तकातली वाटणी. पण कायद्याचा अर्थच असा ताणला की ठरवायला घटना उरल्याच नाहीत. सहा युरोपीय ज्यूरर म्हणाले दोषी, तिघे हिंदी म्हणाले निर्दोष. टिळकांना 18 महिने सक्तमजुरी.

हे प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. तिथे टिळकांच्या बाजूने उभे राहिले ॲस्क्विथ, जे पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले. न्यायाधीशाने ज्यूरीची दिशाभूल केली, हाच त्यांचा मुद्दा होता. अपिलाची परवानगीसुद्धा मिळाली नाही. वर 1898 साली सरकारने राजद्रोहाचे कलम दुरुस्त केले आणि स्ट्रेचींच्या अर्थाला मिळतीजुळती भाषा कायद्यातच आणून बसवली. न्यायाधीश चुकला म्हणून कायदा त्याच्या मापाचा शिवायचा, ही तऱ्हा तेव्हाची. तेव्हाचीच, असे म्हणायला मात्र जीभ रेटत नाही.

1908ची गोष्ट याहून कडू. न्यायमूर्ती दिनशा दावर हे 1897 साली टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील. तेच आता न्यायासनावर. जिनांनी जामीन मागितला, दावरांनी नाकारला. सरकारने खास ज्यूरी मागितली. खास ज्यूरी म्हणजे युरोपीयांचे बहुमत, हे उघड होते. बचाव पक्षाने विरोध केला, तरी ती मंजूर झाली. सात युरोपीय आणि दोन पारशी बसले. ज्या लेखांवर माणसाला काळ्या पाण्याला पाठवायचे ते 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे मराठीत लिहिलेले. टिळक दिवसेंदिवस भाषांतरातल्या चुका दाखवत राहिले, आणि ऐकणारे होते मराठी न वाचणारे सात साहेब. 22 जुलैच्या रात्री कौल आला, सात विरुद्ध दोन. कायदा असा की अशा बहुमताला न्यायाधीशाची संमती लागे. दावरांनी ती दिली, टिळकांच्या डोक्याला रोगट आणि विकृत म्हटले आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. दुसऱ्या दिवशी टिळकांचा वाढदिवस होता. मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप केला, रस्त्यावर गोळ्या खाल्ल्या.

दावर पुढे 'सर' झाले. त्यांच्या सन्मानार्थ वकिलांनी मेजवानी योजली तेव्हा जिनांनी परिपत्रकावर लाज वाटली पाहिजे अशा अर्थाचा शेरा मारला, अशी आठवण छागलांनी सांगून ठेवली आहे. जिनांबद्दल काय बोलायचे ते बोला, पण तो शेरा जागच्या जागी होता.

म्हणून पुण्यतिथीच्या वक्त्यांना माझे विचारणे आहे. त्या दोन पारशांचे मत कुठल्या कामी आले? ज्यूरी होतीच की. नुसती होती एवढेच नाही, तिच्यातल्या दोघांनी हिंमतही दाखवली. तिच्या डोक्यावर बसलेल्याला हवे होते तेच घडले. आणि त्याला खरोखर हवे असते, तर मतभेद असलेला तो कौल न स्वीकारणे दावरांच्या हातात होते. 'सोडा' म्हणायची आणि 'थांबा' म्हणायची, दोन्ही सत्ता खिशात. वापरली एकही नाही.

आता नानावटीकडे येतो, कारण त्याशिवाय वाचकाचे समाधान होत नाही. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी 27 एप्रिल 1959 रोजी मुंबईत आपल्या पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांच्यापुढे खटला चालला. करंजियांच्या 'ब्लिट्झ'ने नानावटीला देव्हाऱ्यात बसवले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निर्दोष ठरवले. मेहतांनी हा कौल कुठल्याही समंजस माणसांना देता येणार नाही असा आहे, असे म्हणत कलम 307खाली प्रकरण हायकोर्टाकडे धाडले. शेलत आणि नाईक या न्यायमूर्तींनी 1960 साली जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 1961मध्ये ती कायम केली, 1964 साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली.

सिनेमावाले इथे थांबतात. खरी मेख पुढे आहे. हायकोर्टाने त्या निर्दोष कौलातले दोष शोधले तेव्हा एक मोठा दोष सापडला तो मेहतांच्याच भाषणात. अपघात झाला किंवा भडकावल्याने भान गेले, हे सिद्ध करण्याचा भार कुणावर असतो, हे त्यांनी ज्यूरीला नीट सांगितलेच नव्हते. म्हणजे आधी स्वतःच ज्यूरीला अर्धवट सांगायचे, मग ज्यूरी वाट चुकली म्हणून तक्रार करायची. नानावटी दोषी होता असेच माझेही मत आहे. गोळ्या तीन, माणूस एक, दार बंद. पण निकाल योग्य लागला म्हणून रीत सभ्य ठरत नाही. ज्यूरीचा कौल सरकारला रुचला तर पवित्र आणि न रुचला तर 307, असा तो सगळा मामला होता.

आणि एक गैरसमज कायमचा पुरून टाका: नानावटीमुळे ज्यूरी गेली. सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात ज्यूरी मोडीत काढा अशी शिफारस केली ती 1958 साली, म्हणजे आहुजा जिवंत असताना. नानावटीनंतरही कलकत्त्यात ज्यूरी बसत होती. ती शेवटी गेली 1973च्या नव्या संहितेने. पारशांच्या घटस्फोटाच्या कोर्टात मात्र पाच पंच अजूनही बसतात. हौसच असेल तर तिथे जाऊन बघून या.

धाराशिवात ज्यूरी कधी बसली, हे निदान माझ्या ऐकिवात नाही. 1853 साली निजामाने हा मुलुख इंग्रजांना लावून दिला तेव्हा नळदुर्गात मेडोज टेलर येऊन राहिला, ठगांवर कादंबरी लिहिणारा तोच. सारा, पोलीस आणि न्याय त्या एकट्याच्या हाती. 1860 साली मुलुख निजामाकडे परत गेला आणि आम्ही 1948पर्यंत तिथेच. लातूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी तिथे वकिली करायचा. त्याच्यावर खटला चालला तो विशेष न्यायाधिकरणापुढे, ज्यूरीशिवाय. 1898ची संहिता आमच्यापर्यंत पोहोचली 1951मध्ये, आणि त्यातही कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या गुन्ह्याला ज्यूरी द्यायची हे राज्य सरकार राजपत्रातून ठरवणार आणि मनात आले की काढून घेणार. लोकांचा हक्क म्हणून जिचा गजर चालतो ती ही ज्यूरी अशी सरकारी मेहेरबानीवर जगत होती.

समजा, उद्या खरेच आणली. कळंब तालुक्यातला बांधावरून झालेला खून, आणि नऊ ज्यूरर. कोण असतील ते? एक आरोपीच्या भावकीतला, दुसरा मयताच्या सोयऱ्यांतला, तिसऱ्याने आरोपीच्या चुलत्याकडून सोसायटीच्या निवडणुकीत मत घेतलेले, उरलेल्यांना खटला उभा राहायच्या आधीच गावच्या पारावर निकाल कळलेला. मयत दलित असेल तर काय कौल येईल ते मी लिहीत नाही, तुम्हालाही ठाऊक आहे. न्यायाधीशाने निदान कारणे लिहायची असतात. ज्यूरीला एकच शब्द उच्चारायचा होता आणि त्यामागे काय दडले हे कुणी विचारायचे नव्हते.

इंग्लंडात ज्यूरीचा मान आहे, कारण तिथे त्या मानासाठी माणसे उपाशी राहिली आहेत. 1670 साली विल्यम पेनला दोषी ठरवत नाहीत म्हणून ज्यूररांना अन्नपाण्याशिवाय कोंडले, दंड केला, तुरुंगात टाकले. त्यातला बुशेल भांडला आणि कौलासाठी ज्यूररला शिक्षा करता येत नाही हे कायम झाले. 2005 साली तिथल्या लॉर्ड्सनी वाँग खटल्यात पुन्हा सांगितले की न्यायाधीशाने 'दोषी ठरवा' असा हुकूम ज्यूरीला कुठल्याही परिस्थितीत द्यायचा नाही. ज्यूररांना विवेकाचा हक्क आहे अशी पाटी घेऊन कोर्टाबाहेर उभ्या राहिलेल्या बाईवर सरकारला कारवाई हवी होती, तीही 2024मध्ये हायकोर्टाने उडवून लावली. साडेतीनशे वर्षे हे भांडण चालू आहे. आपण ते कधी भांडलोच नाही. आयते आले, आयते गेले.

पण जाताना ती एक गोष्ट मागे राहिली, आणि मला बोलायचे आहे ते तिच्याविषयी. जुन्या 289मधला 'सोडा' 1973च्या संहितेत कलम 232 म्हणून उतरला आणि 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 255 म्हणून बसला आहे. सरकारी साक्षी संपल्या, आरोपीचा जबाब झाला, दोन्ही बाजूंचे ऐकले, आणि आरोपीने गुन्हा केल्याचा पुरावाच नाही असे न्यायाधीशाला वाटले, तर त्याने तिथेच निर्दोष मुक्ततेचा आदेश नोंदवायचा. सांगायला ज्यूरी उरली नाही, म्हणून न्यायाधीशाने स्वतःलाच सांगायचे. बचावाला साक्षीदार आणायला लावायचे नाही, युक्तिवादासाठी तारखा द्यायच्या नाहीत.

हे कलम वापरलेले मी किती पाहिले? विचारू नका. जे पाहिले ते असे. फिर्यादी पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो, मी असे सांगितलेच नाही. पंच म्हणतात, सह्या पोलीस ठाण्यात घेतल्या. डोळ्याने पाहणारा एकमेव साक्षीदार फितूर जाहीर होतो. मुद्देमालाचा अहवाल काहीच सांगत नाही. कागदावर आरोपीचे फक्त नाव उरते. मग त्याला शे-दीडशे प्रश्न विचारले जातात, तो शे-दीडशे वेळा 'खोटे आहे' म्हणतो. मग बचावाचा पुरावा देणार का? देणार नाही. तशी पुरशिस. मग युक्तिवादाची तारीख. सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात. पुढची तारीख. आरोपीचे वकील लग्नाला. पुढची तारीख. साहेबांची बदली. नवे साहेब, नव्याने युक्तिवाद. आणि सरतेशेवटी लांबलचक निकालपत्र, ज्याच्या तळाशी 'संशयाचा फायदा' देऊन माणूस सुटतो. जामीन नसेल तर हे सगळे दिवस त्याचे जिल्हा कारागृहात जातात.

संशयाचा फायदा! पुरावाच नव्हता तर संशय कशाचा घेतला? हे नुसते शब्दांचे भांडण नाही. आमच्याकडचा पोरगा शेती पिकत नाही म्हणून पोलीस भरतीच्या मैदानावर पळतो. भावकीच्या भांडणात त्याचे नाव फिर्यादीत घुसडलेले असते. ही आमच्या भागातली जुनी विद्या आहे, घरातल्या नोकरीच्या वयाच्या पोराचे नाव आधी टाकायचे. तो सुटतो. चारित्र्य पडताळणीत निकालपत्र काढले जाते. सुप्रीम कोर्टाने 2013 साली मेहर सिंग प्रकरणात सांगून ठेवले आहे की संशयाचा फायदा मिळून सुटलेल्याला पोलीस खात्यात घेतलेच पाहिजे असे नाही. ही नजर मी चूक म्हणत नाही, फितुरीने सुटलेला गुंड खाकीत नकोच. पण ज्याच्याविरुद्ध काही नव्हतेच, त्याला आणि त्या गुंडाला एकाच वाक्यात सोडणारे कोर्ट त्या पोराचा गळा आपल्याच हाताने आवळते. 255खालचा आदेश म्हणजे 'पुरावा नाही' असे न्यायालयाने लिहून दिलेले. त्याचे वजन वेगळे पडायला हवे. असा एक पोरगा आमच्या ऑफिसच्या बाकावर निकालाची नकल घेऊन बसलेला मी पाहिला आहे. तळाची ओळ त्याने मलाच वाचायला लावली आणि मग विचारले, यातला संशय कुणाचा होता? मी त्याला चहा पाजला. दुसरे करण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

का वापरत नाहीत? माझे मत स्पष्ट आहे, कुणाला झोंबले तर झोंबो. न्यायाधीशाला लवकर सोडण्याची भीती वाटते. दोन पानांत सोडले तर कुणीतरी निनावी अर्ज करील, वर कुजबुज होईल. साठ पानांत सोडले तर मेहनत दिसते. दोषी ठरवणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर शंका येत नाही, सोडणाऱ्याच्या येते. ही हवा ज्यांनी तयार केली त्यात वर्तमानपत्रे आहेत, मोर्चे आहेत आणि त्या टाळ्या वाजवणारे आपणही आहोत. वकिलांचे गणित आणखी सोपे: खटला जेवढ्या तारखा चालतो तेवढ्या तारखांची फी. ज्यांच्या फायली मी वाहिल्या त्यांच्याविषयी हे लिहिताना मला आनंद होत नाही. सरकारी वकिलाने तर उठून 'माझ्याकडे पुरावा उरला नाही' असे म्हणणे म्हणजे नामुष्की समजली जाते. ती खरे तर त्याची शान असायला हवी.

यावर एक आक्षेप येईल आणि तो पोकळ नाही. उद्या एखादा न्यायाधीश याच कलमाच्या आडून बड्या धेंडाला अर्ध्या वाटेतून सोडील. सोडू शकेल. पण तो आदेश लेखी असतो, सरकारला त्याविरुद्ध वर जाता येते, हायकोर्टाला तो फिरवता येतो. शिवाय कलमाचा उंबरठा उंच आहे. पुरावा दुबळा आहे, विश्वासार्ह वाटत नाही, एवढ्यावर हे कलम लागत नाही; त्याची छाननी शेवटच्या निकालातच व्हायची. पुरावाच नसला पाहिजे. ज्यूरीच्या बंद खोलीपेक्षा हे कितीतरी उघडे आहे. स्ट्रेची आणि दावर यांनी जे केले ते मताच्या आडून, समजावण्याच्या मिषाने केले. इथे न्यायाधीशाला आपले नाव खाली लिहून सांगावे लागते.

तेव्हा येत्या 1 ऑगस्टला ज्यूरीसाठी गळा काढण्याऐवजी धाराशिव, तुळजापूर, उमरगा, भूम, परंडा, कळंब इथल्या वकीलमंडळींनी एक काम करावे. सत्र खटल्यात आरोपीचा जबाब झाला की त्याच दिवशी, बचावाच्या साक्षीदारांची यादी देण्याआधी, कलम 255चा लेखी अर्ज ठेवावा. जुना खटला असेल तर 232चा. अर्ज फेटाळला तरी चालेल, पण पुरावा कुठला आहे हे न्यायालयाला साक्षीदाराच्या नावानिशी लिहायला लावावे. आणि पक्षकारांनो, तुमच्या वकिलाने हा अर्ज दिला नाही, तर पुढच्या तारखेची फी हातात ठेवण्याआधी त्याला कारण विचारा.